खंडागळे बाईंचा खारट चहा

खंडागळे बाईंच्या हातचा चहा मी पहिल्यांदा प्यायले, तेव्हा त्यात मीठ होतं. चुकून पडलेलं चिमूटभर नव्हे, चांगलं चमचाभर, ढवळून घातलेलं. शाळेत रुजू होऊन मला अजून तासही झाला नव्हता. पडेगावच्या रस्त्याला, दौलताबादकडे जाताना, एका भाड्याच्या बंगल्यात आमची विशेष शाळा भरायची. पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये व्हॅन, हॉलमध्ये मोठ्या मुलांचा वर्ग, बेडरूममध्ये लहानांचा, आणि वाचा-उपचारासाठी मला मिळालेली खोली म्हणजे पूर्वीचं देवघर. स्वयंपाकघरात एक उंच, धिप्पाड बाई पदर खोचून उभी होती. तिनं माझ्या हातात कप दिला आणि कमरेवर हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी घोट घेतला. पुण्याला जाऊन मी वाचा-उपचाराचं शिक्षण घेतलं होतं खरं, पण मोठ्या माणसानं दिलेलं नाकारायचं नसतं, हे शिक्षण त्याच्या बरंच आधी सिडकोतल्या आमच्या घरी झालं होतं. मी गिळला. दुसरा घोटही घेतला.

"कसा झालाय?" बाईंनी विचारलं.

"छान आहे," मी म्हटलं.

बाईंनी सुस्कारा सोडला, कप माझ्या हातातून काढून मोरीत ओतला आणि दारात उभ्या असलेल्या मदतनीस मावशींना सांगितलं, "ही पन त्यातलीच हाय. हिला बी शिकवावं लागंल."

त्यातली म्हणजे कुठली, हे कळायला मला काही महिने लागले.

आमच्यासारख्या शाळेत मुलं कशी येतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. तपासण्या होतात, प्रमाणपत्र मिळतं, आई रडते, बाबा गप्प बसतात, आणि एका सोमवारी मूल व्हॅनमधून उतरतं. ती जातात कशी, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. एखादं मूल स्वतःचं नाव लिहायला लागलं की घरचे "बरा झाला" म्हणून पेढे वाटतात आणि घेऊन जातात. एखाद्या घरी मोठ्या मुलीचं लग्न जमवायचं असतं आणि शाळेचं नाव लिहिलेली व्हॅन रोज दारात थांबते, म्हणून धाकट्याची शाळा सुटते. फुलंब्रीकडच्या एका आजोबांनी नातवाला कुठल्याशा चूर्णासाठी थेट इंदूरला नेलं, दिवाळीनंतर परत आणलं, आणि सोबत बाईंसाठी मक्याचं पोतं आणलं. नातवाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, मका मात्र फार चांगला आहे असं दोनदा म्हणाले. उरलेली मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत थांबतात, मग नियम त्यांना दार दाखवतो. गुलाबाचं फूल, नारळ, फोटो.

बाईंना यातलं काहीच मान्य नव्हतं. "दाखला नेला म्हंजी पोरगं गेलं आसं नाय," त्या म्हणायच्या. "ते घरी गेलं. जानं येगळं."

जाण्याची त्यांची खूण एकच होती. मुलानं बाईंच्या तोंडावर, बाईंच्या डोळ्यांत बघून, बाईंना "नाय" म्हटलं पाहिजे. तेही हट्टानं किंवा भोकाड पसरून नव्हे. विचार करून. त्यासाठी त्या वर्षभर सापळे लावत असायच्या. खारट चहा त्यातलाच. भर एप्रिलात, अंगाची लाही होत असताना, त्या मुलांच्या डोक्यात माकडटोपी घालायच्या आणि दूर उभ्या राहून बघायच्या. बरीच मुलं घामानं निथळत टोपी घालून बसायची, कारण बाईंनी घातली. एखाद्यानं ती ओढून काढली आणि बाईंच्या हातात परत दिली की त्या दिवशी अख्ख्या शाळेला पेढे. एकदा एका आठ वर्षांच्या मुलीनं टोपी काढून उलट बाईंच्याच डोक्यात घातली. बाई ती घालून दिवसभर हिंडल्या. व्हॅनचे ड्रायव्हर कलीमभाई म्हणाले, "बाई, धूप लगेगी तो टोपी अच्छी है, पर ये वाली नक्को."

पालक तक्रार घेऊन यायचे. आधी गरीब गायीसारखा होता, आता ऐकत नाही, ही नेहमीची तक्रार. एक बँकेतले गृहस्थ तर भांडायलाच आले होते. घरी मामा आला, मांडीवर बस म्हणाला, तर मुलगी सगळ्यांसमोर नाही म्हणाली. पाहुण्यांपुढे केवढी शोभा झाली. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेढे तुमी आनता का मी आनू?" गृहस्थ गेले तेव्हा रागात होते. दुसऱ्या दिवशी मुलीच्या दप्तरात पेढ्यांचा पुडा होता. बहुधा आईनं ठेवला असावा.

मला हे सगळं सुरुवातीला फार अघोरी वाटायचं. मी देवघरात बसून मुलांना "हो", "द्या", "नमस्कार" म्हणायला शिकवत होते. बाई दारातून डोकावून जायच्या. एकदा म्हणाल्या, "तुमी पोरान्ला बोलायचं कसं ते शिकवा. काय बोलायचं ते मी बघते. 'व्हय' म्हनायला लावनारे जगात लई हायेत, त्याच्यासाठी शाळा कशाला पायजे?"

त्या दिवसांत मी त्यांच्या घरी एकदाच गेले. पडेगावातच, दोन खोल्या, भिंतीवर निळ्या कोटातली ती सगळ्यांच्या ओळखीची तसबीर, तिच्याखाली वडिलांचा फोटो. वडील गावात कोतवालीची कामं करून दमलेले, मग शहरात आले. त्यांनी पोरांना एकच गोष्ट शिकवली म्हणे, की कोणी हाक मारली तर आधी विचारायचं, काय काम आहे. धावत जायचं नाही. बाई हे सांगताना हसत होत्या. "आन् मी मास्तरीन झाले," म्हणाल्या, "म्हंजी दिवसभर दुसऱ्यान्ला हाका मारायचं काम."

फरहानची गोष्ट शाळेत अजून सांगतात. दहा वर्षांचा, किडकिडीत, अक्षर ओळखायला उशीर लागलेला. एक दिवस बाई मुद्दाम उलट्या पायांत चपला घालून आल्या. सगळा वर्ग बघत होता, कोणी बोलेना. फरहान उठला आणि म्हणाला, "बाई, ऐसा नक्को. उल्टा है." बाईंनी तिथंच ठरवलं की हा नेहमीच्या शाळेत जाणार. त्याच्या अब्बांना घाम फुटला. बाई स्वतः औरंगपुऱ्याजवळच्या एका शाळेत गेल्या, मुख्याध्यापकांना पटवलं, आणि मुलाला एकटं कसं सोडायचं म्हणून आठवडाभर रजा टाकून त्याच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. चौथीचा बाक आणि बाईंचा देह. दुसऱ्याच दिवशी त्या बाकात अडकल्या. सुटी झाली, वर्ग रिकामा झाला, बाई जागच्या हलेनात. शेवटी शिपायानं बाक तिरपा धरला आणि मुख्याध्यापकांनी ओढलं. बाई तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर. त्या दिवशी मधल्या सुटीत फरहान त्यांच्याजवळ आला, इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "बाई, कल से तुम नक्को आओ. बच्चे हसते."

बाई तिथून उठून थेट मिठाईच्या दुकानात गेल्या आणि शाळेसाठी इमरती घेऊन आल्या. आम्ही खात होतो आणि त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "मला म्हनला. मला नक्को म्हनला." तेवढ्यात नाक पुसायला त्या स्वयंपाकघरात गेल्या, ते मावशींनी पाहिलं.

आता शीतलकडे येते, कारण बाईंची खरी परीक्षा शीतलनंच घेतली.

शीतल सतरा वर्षांची. अंगापिंडानं भरलेली, तेल लावून चोपून घातलेल्या दोन वेण्या, आणि चेहऱ्यावर कायम एक हसू, जे कुणासाठीही होतं. आई नंदाताई लोकांच्या घरी पोळ्या लाटायच्या, त्यामुळे शीतलचीही पोळी कंपासनं काढल्यासारखी गोल. तिला एकच शब्द यायचा असं नाही, पण ती एकच वापरायची. व्हय. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी त्या वस्तीतली निम्मी मुलं शाळेला दांडी मारतात, हे आम्ही गृहीतच धरलेलं. शीतल मात्र दुसऱ्या दिवशीही यायची नाही. घरचं पाणी भरून झालं की शेजारची म्हणायची, शीतल, माझं पिंप भर गं. व्हय. मग पलीकडची. व्हय. गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्यांची पिंपं भरून दुसऱ्या दिवशी पोरगी अंथरुणात.

एकदा ती शाळेतून सुटली आणि घरी पोचलीच नाही. नंदाताई रडत आल्या, कलीमभाईंनी व्हॅन काढली, आम्ही सगळे शोधायला. संध्याकाळी उशिरा शीतल स्वतःच रिक्षातून उतरली. कपाळावर मळवट भरल्यासारखं कुंकू, हातात ब्लाउजपीस आणि नारळ. झालं होतं असं, की रस्त्यावर लग्नाचा टेम्पो थांबला होता, त्यातली एक बाई सहज म्हणाली, चल गं पोरी, पुऱ्या लाटायला हात लाव. शीतल व्हय म्हणाली आणि टेम्पोत बसली. हर्सूलकडच्या कुठल्याशा लग्नात तिनं दुपारभर पुऱ्या लाटल्या. नवरीकडच्यांना वाटलं नवरदेवाकडची, नवरदेवाकडच्यांना वाटलं नवरीकडची. दोन्हीकडून ओटी भरून तिला मानानं परत पाठवलं होतं.

सगळे हसले. नंदाताई पण रडता रडता हसल्या. बाई हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "टेम्पो लग्नाचा व्हता म्हनून." माझं हसू तिथंच थांबलं.

त्यानंतर बाईंनी शाळेत "नायचा तास" सुरू केला. सकाळी प्रार्थना झाली की सगळी मुलं हॉलमध्ये, बाई समोर. बाई हुकूम सोडणार, मुलांनी नाकारायचं. आपापला डबा मला द्या. नाय! डोक्यावर बूट ठेवा. नाय! माझ्यासंगं टेम्पोत बसा. नाय! मुलांना हा तास भयंकर आवडला. रस्त्यावर शेअर रिक्षाची वाट बघणारी माणसं कुंपणावरून डोकवायची. ओंकार नावाचा आमचा एक गुबगुबीत विद्यार्थी सगळ्यांत मोठ्यानं "नाय" म्हणायचा आणि म्हणता म्हणता डबा बाईंच्या हातात द्यायचा, तो भाग वेगळा. शीतल मागच्या रांगेत उभी राहून हसत "व्हय" म्हणायची.

नेमका याच तासाला एकदा तपासणीचा साहेब आला. कळवून आला होता, पण अध्यक्षांनी फोन पाहिलाच नव्हता. अध्यक्ष म्हणजे औरंगपुऱ्यात हार्डवेअरचं दुकान असलेले एक सज्जन, मनानं चांगले, फक्त कार्यक्रमांचे भारी शौकीन. ते साहेबांना घेऊन हॉलमध्ये शिरले. मुलं उठून उभी राहिली. साहेब प्रेमानं म्हणाले, "बसा बसा, बाळांनो."

"नाय!" अख्खा हॉल.

साहेब दचकले, हसले. बरं, उभे राहा म्हणाले. नाय! कुणाला चॉकलेट पाहिजे का? नाय! हे म्हणताना सगळे हात मात्र पुढं आलेले होते आणि ओंकारनं दोन घेतली. साहेबांनी चष्मा काढला. तुमच्या बाई चांगलं शिकवतात ना, असं त्यांनी विचारलं आणि त्याला सगळ्यांत जोरात उत्तर मिळालं. अध्यक्षांचा चेहरा पांढराफटक पडला.

तेवढ्यात शीतलनं साहेबांना खुर्ची आणून दिली, पाणी आणून दिलं. साहेबांचा जीव भांड्यात पडला. शाळा आवडते का बेटा? व्हय. अभ्यास करतेस? व्हय. साहेब खूश. किती शहाणी मुलगी आहे, असं अध्यक्षांना म्हणाले. मग त्यांच्या कामाचाच प्रश्न म्हणून त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "इथं कुणी मारतं का तुला?"

"व्हय," शीतल हसून म्हणाली.

अध्यक्ष भिंतीला टेकले. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "साहेब," त्या म्हणाल्या, "आता तिला इचारा, तू हत्ती हायेस का."

साहेबांनी बाईंकडे बघितलं, शीतलकडे बघितलं आणि विचारलं.

"व्हय," शीतल म्हणाली.

मग साहेबांनी बाईंना विचारलं की ही मुलगी इथून बाहेर पडली की हिचं कसं होणार. बाई म्हणाल्या, "तेवढ्यासाठीच तर समदी शाळा वरडायली." साहेबांनी शेरा काय लिहिला मला माहीत नाही. जाताना त्यांनी स्वयंपाकघरात चहा घेतला आणि पहिल्याच घोटाला कप खाली ठेवून म्हणाले, "बाई, यात मीठ पडलंय." बाई पुढं अनेक दिवस त्यांचं नाव आदरानं घेत होत्या.

पण दिवस सरत होते. येत्या उन्हाळ्यात शीतलला अठरा वर्षं पूर्ण होणार होती, आणि त्याच मेअखेर बाई निवृत्त होणार होत्या. बाईंनी शक्य ते सगळं केलं. शीतलला रोज खारट चहा दिला, ती रोज संपवून कप धुऊन ठेवायची. एकदा बाईंनी तिला पोळ्या वाढायला सुरुवात केली आणि ती "पुरे" म्हणेपर्यंत वाढत राहायचं ठरवलं. शेवटी मावशींनीच ताट ओढून घेतलं. रात्रभर शीतलचं पोट दुखलं आणि दुसऱ्या दिवशी नंदाताईंनी बाईंना चांगलंच सुनावलं. बाईंनी खाली मान घालून ऐकलं. पुन्हा तो प्रयोग केला नाही.

मार्चमध्ये अध्यक्ष आनंदानं फुलून आले. औरंगपुऱ्यात कुलकर्णी काकूंचं पोळी-भाजी केंद्र होतं, त्यांना एक मुलगी हवी होती. काकू स्वतः आल्या, शीतलची पोळी बघितली, हरखल्या. "मला अश्शीच पाहिजे होती," म्हणाल्या, "आजकालच्या मुली लगेच उलट बोलतात." शाळेच्या इतिहासात पहिल्यांदा एक मुलगी थेट नोकरीला लागणार होती. अध्यक्षांनी मनातल्या मनात मंडपसुद्धा घातला.

"नाय," बाई म्हणाल्या. "पोरगी तयार नाय."

सगळ्यांना वाटलं बाईंचं डोकं फिरलं. शाळेतली सगळ्यांत कामसू, सगळ्यांत स्वच्छ, सगळ्यांत गुणी मुलगी, ती तयार नाही? आणि ओंकारला, जो दुसऱ्याची चॉकलेटं खातो, त्याला बाई "निम्मा पास" म्हणतात? काकू काही वाईट बाई नव्हत्या. पण बाईंचं म्हणणं, काकू चांगल्या असोत की वाईट, समोरचा माणूस दमलाय हे त्यानं सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. आणि शीतल सांगणार नाही. पडेपर्यंत लाटेल.

त्या दिवशी सगळे गेल्यावर नंदाताई मागं थांबल्या. मी देवघरात होते, दार उघडंच होतं. त्या भांडल्या नाहीत. "बाई," म्हणाल्या, "मे झाला की तुमी बी जानार, शाळा बी दार लावनार. मंग ही घरी बसंन. घरी बसली तर समदी गल्ली तिला राबवून खाईन. तिथं निदान पगार देतील. मी मेल्यावर काय करंन ती, सांगा."

बाईंनी एवढंच मागितलं, की निरोपाच्या दिवसापर्यंत थांबा. नंदाताई थांबल्या.

निरोप समारंभ अध्यक्षांनी जोडून ठेवला. बाईंची निवृत्ती आणि शीतलचा निरोप, एकाच मंडपात, एकाच खर्चात. शेडमधली व्हॅन बाहेर काढून तिथं खुर्च्या मांडल्या. पाहुणे आले, शाल-नारळ आले, साउंडवाल्यानं "चेक, चेक" करून कुत्र्यांना भुंकायला लावलं. जेवायला पुरी-भाजी आणि मठ्ठा. आचारीण बाहेरची होती, जाडजूड, घाईतली. बाईंना मधल्या खुर्चीत बसवलं. शेजारची खुर्ची शीतलची. ती रिकामी.

बाई बसल्या बसल्या मान वळवून शोधायला लागल्या. अध्यक्षांचं भाषण सुरू झालं होतं. बाई उठल्या, लघवीला चाललेय अशी खूण अध्यक्षांना केली, जी सगळ्यांनी पाहिली, आणि आत आल्या. मी आतच होते, हार मोकळे करत. स्वयंपाकघराच्या दारात बाईंनी मला हातानं थांबवलं.

आत शीतल ओट्याशी उभी राहून पुऱ्या लाटत होती. निरोपासाठी घातलेल्या नव्या पंजाबी ड्रेसवर पीठ सांडलेलं, वेणीतला गजरा सुकलेला. सकाळपासून लाटत असावी, कारण परातीत डोंगर साठला होता. आचारणीनं तिच्यासमोर पिठाचा आणखी एक गोळा आदळला आणि म्हणाली, "हं, एवढं उरक गं पटापट."

बाहेर स्पीकरवर अध्यक्षांनी बाईंचं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या. शीतलनं दाराकडे बघितलं, म्हणजे आमच्याकडे नव्हे, आमच्या पलीकडे, मंडपाकडे. मग पिठाकडे. लाटणं हातात तसंच. तिचं हसू हळूहळू गेलं. मी तिला इतक्या दिवसांत हसू नसलेली पहिल्यांदाच पाहत होते.

"नाय," ती म्हणाली.

आचारणीनं ऐकलंच नाही.

"नाय," शीतल पुन्हा म्हणाली. "मला बाईन्ला बघायचंय."

तिनं लाटणं ओट्यावर ठेवलं, हात ड्रेसला पुसले आणि आमच्या मधून वाट काढत मंडपात गेली. बाईंना धक्का लागला तेही तिला कळलं नाही. ती जाऊन आपल्या खुर्चीत बसली आणि समोर बघायला लागली.

बाई दाराची चौकट धरून उभ्या. आचारीण ओरडायला लागली, आता पुऱ्या कोण लाटणार, पाहुणे जेवायला उठतील. बाईंनी पदर खोचला आणि लाटणं उचललं. मी म्हटलं, बाई, बाहेर तुमचा सत्कार आहे. "व्हऊ द्या की," त्या म्हणाल्या, "त्येन्ला मी कशाला पायजे?"

मंडपात आमच्या अध्यक्षांनी एका रिकाम्या खुर्चीचा गौरव केला, त्यागमूर्ती म्हटलं, आणि सत्कारमूर्ती आत पुऱ्या लाटत होत्या. पहिल्या रांगेत शीतल रिकाम्या खुर्चीकडे आणि दाराकडे आळीपाळीनं बघत बसली होती. सगळं उरकल्यावर बाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या आणि नंदाताईंना म्हणाल्या, "अर्धी पास झाली. घेऊन जा कामाला."

"अर्धी कामून?" नंदाताईंनी विचारलं.

"मला कुठं म्हनली अजून?"

बाई निवृत्त झाल्या म्हणजे फक्त पगार थांबला. दुसऱ्या आठवड्यापासून त्या रोज दुपारी रिक्षानं औरंगपुऱ्यात जायला लागल्या, हातात स्टीलचा डबा. पोळी-भाजी केंद्राच्या खिडकीशी उभ्या राहायच्या. शीतलचे हात बघायच्या, भाजले आहेत का. बसायला स्टूल आहे का. जेवली का. काकू आधी आदरानं बोलल्या, मग गप्प झाल्या, मग पडद्याआड जायला लागल्या. शीतल बाईंना बघितलं की उजळायची आणि मागच्या थप्पीतल्या पोळ्या त्यांच्या डब्यात भरायची. त्या थप्प्या ठरलेल्या लोकांच्या असायच्या, दवाखान्यातल्या नर्स, क्लासची मुलं, एक म्हातारं जोडपं. बाईंनी मागितलं की शीतल व्हय म्हणायची आणि दुसऱ्या कुणाला तरी पोळ्या कमी पडायच्या. काकूंनी मला फोन करून हळूच विचारलं, तुमच्या बाई किती दिवस यायच्यात? मी म्हटलं, बघते. बाईंना सांगायची माझी काही हिंमत झाली नाही.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी बाईंनी मलाही बरोबर नेलं. क्रांती चौकात गर्दीत रिक्षा अडकली, आम्हाला उशीर झाला. खिडकीशी पोचलो तर समोरची पाटी आत घेतलेली. शीतल एकटी होती, काकू आत हिशेबाला. डोक्याला टोपी, अंगात एप्रन, आणि हातात फडकं. मागं दोन थप्प्या कापडाखाली झाकलेल्या दिसत होत्या.

बाईंनी नेहमीसारखा डबा खिडकीत सरकवला. "दे गं चार पोळ्या."

शीतल डब्याकडे बघत राहिली. मग तिनं मागं वळून थप्प्यांकडे बघितलं. फडकं या हातातून त्या हातात घेतलं. 

"नाय, बाई," शीतल म्हणाली.

"अगं, मी हाय."

"ते आजी-आजोबांचं हाय. संपलं. उद्या लवकर या."

आणि तिनं डबा दोन्ही हातांनी उचलून बाईंना परत दिला. हसत दिला, पण दिला. मग खिडकीचं शटर ओढायला लागली.

मी काहीतरी बोलायला पुढं झाले. बाईंनी माझा हात दाबला, असा की अजून आठवलं तरी दुखतो. शटर खाली आलं. बाई रिकामा डबा छातीशी धरून रस्त्यात उभ्या होत्या, मागून दुचाकीवाले हॉर्न वाजवत होते, आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्या पुसतही नव्हत्या. पानटपरीवाल्यानं मला विचारलं, "क्या हुआ इनको?" बाईंनीच सांगितलं, "पोरीनं मला नाय म्हनलं," आणि तो बिचारा "बुरा हुआ" म्हणाला.

"आता गेली," बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "आता गेली पोरगी शाळेतून."

त्यांनी पेढे घेतले, पण आम्ही दोघीच होतो, आणि जेवण कुणाचंच झालेलं नव्हतं, तेव्हा तेच जेवलो. त्यातला एक त्यांनी पानटपरीवाल्याला दिला. पडेगावची रिक्षा मिळाली, तेव्हा उन्हं कलायला आली होती. बाई आत बसल्या, डबा मांडीवर घेतला आणि मग काहीतरी सुचल्यासारखं करून तो माझ्या हातात दिला. म्हणाल्या, उद्या सकाळी माझ्या घरी आणून द्या, चहाला पण या.

उद्या सकाळी माझ्याकडे तीन मुलं होती, आणि डबा बाईंचाच होता, बाई आत्ता घरीच चालल्या होत्या. शिवाय तो चहा.

"हो बाई," मी म्हटलं.

रिक्षा हलली. बाईंनी बाहेर डोकं काढून माझ्याकडे बघितलं, सुस्कारा सोडला, आणि गर्दीत दिसेनाशा होईपर्यंत नकारार्थी मान हलवत राहिल्या.